बॉब मार्लीच्या अंगठ्याला सीआयएची अणकुची टोचली नव्हती

रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने जमैकाच्या रेगे संगीताचा गायक बॉब मार्ली याचा फोटो असलेला एक लांबलचक मेसेज टाकला. तो मी आधीही दोनदा वाचला होता आणि सोडून दिला होता. या वेळी सोडवला नाही, कारण खाली मामाने स्वतः लिहिलं होतं, "बघ, मी म्हणत होतो ना? असले कॅन्सर गोऱ्यांना होतात, आपल्याला नाही." मामाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात दिवाळीपासून एक काळी रेघ आहे. डॉक्टरकडे चल म्हणून मी तीनदा मागे लागले. तिन्ही वेळा "अगं, ठेच लागली होती" एवढ्यावर त्याने विषय मिटवला.

मेसेज थोडक्यात असा. सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेच्या बिल ऑक्सली नावाच्या 79 वर्षांच्या एजंटने मरताना 17 खुनांची कबुली दिली. त्यातला एक मार्लीचा. पत्रकार असल्याचं भासवून त्याने मार्लीला बूट भेट दिले, उजव्या बुटात कॅन्सरच्या विषाणूंनी माखलेली अणकुची होती, ती टोचली आणि मार्ली संपला. पुरावा काय, तर काळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होतच नाही, आणि गांजा ओढणाऱ्याला तर कुठलाच होत नाही. म्हणजे अमेरिकेने त्याचा आवाज कायमचा बंद केला. शेवटी मार्लीच्या नावाने 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे गाणं.

आधी ती कबुली. ही गोष्ट 2017 मध्ये 'युअर न्यूज वायर' नावाच्या वेबसाइटने छापली, आणि बनावट बातम्या हाच त्या साइटचा धंदा होता. अशा एजंटची कुठे नोंद नाही, ध्वनिफीत नाही, त्याला ओळखणारा एक माणूस पुढे आलेला नाही. एका म्हाताऱ्याचा फोटो लावला की झाली कबुली?

एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध का होईना, मान्य करावी लागते. सीआयएवर असा संशय घेणं वेडेपणाचं नाही. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीचा 1975 चा अहवाल वाचा. क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याला भेट देण्यासाठी पाणबुड्याचा पोशाख घ्यायचा, त्यात कातडीचा रोग जडवणारी बुरशी पसरायची आणि श्वासाच्या नळीत क्षयाचे जंतू सोडायचे, असा बेत झाला होता हे त्यात नोंदलेलं आहे. बुटाची गोष्ट याच पोशाखावर बेतलेली असावी असं मला वाटतं. जमैकात तेव्हा निवडणुकीच्या तोंडावर रक्त सांडत होतं, हेही खरं. 3 डिसेंबर 1976 ला किंग्स्टनमधल्या 56 होप रोडवरच्या घरात घुसून बंदूकधाऱ्यांनी मार्ली, त्याची बायको रीटा आणि मॅनेजर डॉन टेलर यांच्यावर गोळ्या झाडल्या. पण कॅस्ट्रोचं प्रकरण बाहेर आलं ते कागदपत्रांतून, शपथेवरच्या साक्षींतून. मार्लीच्या बुटाबद्दल असा एकही कागद नाही. आणि कॅन्सर अणकुचीने टोचून काही महिन्यांत उगवत नाही. काही विषाणूंमुळे कॅन्सर होतात, उदाहरणार्थ हेपेटायटिस बीमुळे यकृताचा, पण त्याला वर्षानुवर्षं जावी लागतात. मार्लीला झालेल्या मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा, असा कुठला विषाणू माहीत नाही.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. काळ्या-सावळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही हे धादांत खोटं आहे, आणि घातकही. उन्हाशी जोडलेला मेलानोमा गोऱ्यांत फार आढळतो, म्हणून हा समज पसरला. पण याच कॅन्सरचा एक प्रकार तळहात, तळपाय आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांना मेलानोमा झालाच तर त्यात या प्रकाराचं प्रमाण मोठं असतं. एकूण रोग दुर्मीळ, पण आपल्याकडे बहुतेक वेळा उशिरा सापडतो, कारण रुग्णाला वाटतं, ठेच लागली असेल.

मार्लीचंही हेच झालं. फुटबॉलवर त्याचा जीव होता आणि अंगठ्याला मार लागलेला होता, त्यामुळे सगळ्यांनी दोष खेळाला दिला. 1977 च्या जुलैत उजव्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला. तो जमैकातल्या रास्ताफारी पंथाचा, त्या श्रद्धेत शरीराला असं कापणं बसत नव्हतं, त्याने नकार दिला. शेवटी नख आणि त्याखालची जागा काढून तिथे मांडीची कातडी लावली. अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण निर्णय त्याचा होता, कुणा हेराचा नव्हे. 1980 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पळताना तो कोसळला, तोवर रोग मेंदूपर्यंत गेला होता. दोन दिवसांनी पिट्सबर्गला त्याने शेवटचा कार्यक्रम केला. नंतरचे कित्येक महिने जर्मनीतल्या बव्हेरियात एका पर्यायी उपचारवाल्या डॉक्टरकडे गेले. जमैकाला परतताना वाटेत मायामीत, 11 मे 1981 ला तो गेला. वय 36.

मामा, भाऊबीजेचा फोटो मी मोठा करून पाहिला. तू पाटावर मांडी घालून बसला आहेस, उजवा अंगठा कॅमेऱ्याकडे, आणि रेघ नखाच्या मुळापासून टोकापर्यंत स्पष्ट दिसते. त्याला चार महिने झाले. ठेचेचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मुळाशी कोरं नख दिसायला लागतं. तुझं दिसत नाही. आपल्या रंगाच्या लोकांच्या नखात अशा रेघा पुष्कळदा निरुपद्रवी असतात, तेव्हा घाबरवत नाही. पण या वयात एकाच नखात नवी उमटलेली रेघ त्वचेच्या डॉक्टरने बघायलाच हवी. रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल तर एक दिवसही थांबायचं नाही.

गांजाचं एका वाक्यात: मार्ली तो धर्माचा भाग म्हणून उघडपणे ओढत होता आणि त्याला कॅन्सर झाला, मग यातून सिद्ध काय होतं?

आवाज बंद केला म्हणे! गोळीबारानंतर दोनच दिवसांनी, जखमी दंडाने, तो किंग्स्टनच्या 'स्माइल जमैका' कार्यक्रमात गायला उभा राहिला. मग लंडनला जाऊन 'एक्सोडस' केला. 'टाइम'ने 1999 मध्ये शतकातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला, तोच हा. 22 एप्रिल 1978 ला त्याने जमैकातल्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या पक्षांचे नेते, मायकेल मॅनली आणि एडवर्ड सिआगा, यांना मंचावर बोलावून त्यांचे हात हातात घेऊन उंच धरले. 1980 च्या एप्रिलमध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो स्वखर्चाने सामान नेऊन गायला, बाहेरच्या गर्दीवर सोडलेला अश्रुधूर मैदानात शिरला तरी. हे सगळं मेसेजच्या हिशेबात खून झालेल्या माणसाने केलं. 'लेजंड' हे त्याच्या गाण्यांचं संकलन 1984 चं, त्याच्या मृत्यूनंतरचं. मामा, तू जहाजावर होतास तेव्हा आणलेली ती कॅसेट आठवते? लेबल घासून कोरं झालं होतं आणि दुसऱ्या बाजूची टेप अडकली की तू पेन्सिलने फिरवायचास. माझ्या कानावर पडलेलं पहिलं इंग्रजी गाणं त्यातलंच. रेगे युनेस्कोच्या वारसा यादीत 2018 मध्ये गेलं, आपल्या माजघरात ते त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं.

आणि 'डोन्ट वरी, बी हॅपी' बॉबी मॅकफेरिनचं आहे, 1988 चं. मार्ली जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाक. गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे, साडेदहाला मी रिक्षा घेऊन दाराशी येते.