गुडघा ओळंब्यात

वाकड्या हॅन्डलच्या सायकलवर चाळिशी उलटलेला माणूस दिसला की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "गाडी विकली काय?" नाही म्हटलं की दुसरा, "डॉक्टरनं सांगितलं काय?" माझं दोन्हीतलं काही नव्हतं. मेहुणा नोकरीला परदेशी गेला आणि जाताना "पडून गंजेल, दाजी, तुम्हीच चालवा" म्हणत आपली रोड बाईक आमच्या बोळात लावून गेला. मेहुणा पाच फूट दहा इंच. मी पाच फूट सहा, तेही केस कापायला झाले असतील तेव्हा.

अशा सायकली शाळेच्या गणवेशासारख्या ठरावीक मापांत येतात. आमचं गाव गणवेश शिवणाऱ्यांचं, त्यामुळे इथं हे फोड करून सांगावं लागत नाही. गणवेश वाढत्या अंगाचा घेतात आणि जास्तीचा भाग आई आत दुमडून टीप मारते. मेहुण्याची सायकल 54 मापाची, म्हणजे मला एक नंबर मोठी. आणि माझं अंग वाढतंय खरं, पण आडवं. तेव्हा टीप मारणं आलं.

होटगी रस्त्यानं विमानतळापर्यंत जाऊन आलो आणि एकेक अवयव बोलायला लागला. गुडघ्यामागची शीर, मान, दोन्ही तळहात आणि जिथं बसतात ती जागा. सगळ्यांत जास्त तक्रार त्या जागेचीच होती, पण तिच्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नाही. मी "कंबर, कंबर" करून वेळ मारून नेली.

सोलापुरात पत्ता विचारला तर माणूस कोपऱ्यापर्यंत सोबत येतो. दुखणं सांगितलं तर अख्खा बोळ येतो. आईनं डिंकाचे लाडू काढले. बायको म्हणाली, "अहो, आधी पोट कमी करा, मग सायकल आपोआप बसेल." शेजारच्या काकांनी सीट अंगठ्यानं दाबून पाहिली आणि निदान केलं, "कंबर नाही ही." मग आवाज खाली आणून, "सीटचं नाक खाली करा. आराम पडतो." कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. "मग घेतलं काय?" असं विचारून तो कामाला लागला. बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकत नाहीत? सीट खाली. हॅन्डल लांब पडतंय? सीट पुढं. आणि काकांच्या सूचनेप्रमाणे नाक खाली.

आता कंबर म्हणवली जाणारी जागा शांत झाली, पण सीटवरून मी सारखा पुढं घसरायला लागलो. घसरायचं नाही म्हणून हातांनी हॅन्डलला रेटा द्यायचा. रेट्यानं तळहाताची नस दबायची आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर. गुडघ्याची मागची शीर गप्प झाली, तर पुढची वाटी ओरडू लागली. ढोबळ नियमच आहे म्हणे: मागं दुखलं तर सीट जास्त उंच झालीय, पुढं दुखलं तर जास्त खाली गेलीय.

शेवटी मापच घ्यायचं ठरलं. ग्रेग लेमाँड नावाचा अमेरिकन गडी 1986, 1989 आणि 1990 अशी तीनदा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. त्यानं जगभर गाजवलेलं एक सूत्र आहे: पायांच्या आतल्या बाजूची उंची गुणिले 0.883, म्हणजे क्रँकच्या, पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. 1989 ची टूर हा माणूस फक्त 8 सेकंदांनी जिंकला. आमच्या सात रस्ता चौकात कुठल्या रस्त्यानं जायचं हे ठरवायलाच आम्हाला त्याहून जास्त वेळ लागतो. पण सूत्र माणसाला बघून बदलत नाही.

ही उंची मोजायची तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि दोन पायांच्या मध्ये एक पुस्तक वर घट्ट दाबून धरायचं. सोलापुरात पंचांगाला काय तोटा. ते छापून निघतं इथंच. पंचांग खुंटीवरून काढून मी नेमक्या जागी नेत असताना आई आली. "अरे, विद्या आहे ती! पाय लागला तर नमस्कार करतो आपण, आणि तू तिला कुठं घेऊन चाललास?" पंचांग तिनं काढून घेतलं. लाटणं मागितलं तर बायकोनं नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या आठवड्याच्या सगळ्या पोळ्या होत्या.

तेवढ्यात शेजारच्या काकांकडं जिन्याचं काम करणारा गवंडी पाणी प्यायला आला आणि प्रकरण लायक माणसाच्या हातात पडलं. त्यानं आपली पाणसळ पुढं केली. लांब, सरळ, कुणाच्या पूजेत नाही की स्वयंपाकात नाही. माप भरलं 79 सेंटिमीटर, गुणाकार आला 69.8. मेहुण्यानं सीट 74 च्या वर ठेवली होती आणि सायकलवाल्यानं ती थेट 66 वर आणली होती. पाच नंबरची ॲलन की घेऊन सीट नव्या मापाला बसवली. ताळा म्हणून टाच पायडलवर ठेवली. पायडल तळाला गेल्यावर पाय बरोबर सरळ झाला. चवड्यानं मारायला लागलं की तोच गुडघा जरासा वाकलेला राहतो, तसा राहिला.

मग तीच पाणसळ सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा पार मागच्या टोकाला पळाला. "उतार दिलाय की हो, साहेब. मोरीला देतात तसा." सीट सपाट केली. आता त्याला चेव चढला. मी भिंतीला टेकून सायकलवर बसलो, पायडल समोर आडवं, आणि त्यानं खिशातनं ओळंबा काढून दोरी माझ्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाला लावली. पितळी गोळा आधी झुलला, मग कमी झुलला, मग थांबला. एक डोळा मिटून त्यानं दोरी पाहिली. गोळा पायडलच्या दांडीच्या पुढं चांगली दोन बोटं.

"गुडघा ओळंब्यात नाही, साहेब. पुढं आलाय."

या ओळंब्याच्या नियमावर जाणत्यांत वाद आहेत, पण सुरुवात करायला तो पुरतो. आणि हातात ओळंबा असलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. सीट मागं सरकवली, उंची पुन्हा मोजली, दोरी पुन्हा सोडली. तेवढ्यात बोळ जमला होता. कुणीतरी "अजून थोडं मागं!" म्हणून ओरडलं, तसा गवंडी वळून म्हणाला, "तू मोजतोस का मी?" इतक्या दिवसांत माझ्या बाजूनं बोललेला हा पहिला माणूस.

सीट मागं गेल्यावर हॅन्डल अर्थातच आणखी लांब पडलं. ते जवळ आणायचं काम सीटचं नसतं, स्टेमचं, म्हणजे हॅन्डल पुढं धरून ठेवणाऱ्या तुकड्याचं असतं. 110 मिलिमीटरचं काढून 80 चं उलटं करून बसवलं, म्हणजे हॅन्डल जवळही आलं आणि जरा वरही. सीटची रुंदी ठरवायला पुठ्ठ्यावर बसून दोन हाडांचे खळगे उमटवावे लागतात. ते मी दार लावून केलं. नवी 143 मिलिमीटरची सीट बसवली. परवा बार्शी रस्त्यानं माळढोकांच्या नान्नजपर्यंत जाऊन आलो, माळढोक दिसला नाही. मान, कंबर आणि "कंबर" तिन्ही गप्प होत्या. डाव्या करंगळीला मुंग्या येतात अजून, तिच्यासाठी हॅन्डलला जाड टेप गुंडाळणार आहे.

काका मात्र घुश्शात आहेत. त्यांचं म्हणणं, गवंडी माझ्या गुडघ्याशी बसला तेव्हा त्याची हजेरी त्यांच्या खिशातनं चालू होती, आणि घमेल्यात कालवलेला माल उन्हात दगड झाला. अर्धी हजेरी मी देऊन टाकली. मालाचं बोलणं चालू आहे.