साडेपाचच्या आत

रात्री दोन वाजता मी पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगणारा व्हिडिओ बघत होतो, तिथून हे सगळं सुरू झालं.

व्हिडिओतला माणूस दाढी कोरलेला, अंगात काळा टीशर्ट. म्हणाला, जग झोपलेलं असतं तेव्हा यशस्वी माणूस जागा असतो. मी घड्याळ बघितलं. जग झोपलं होतं, मी जागा होतो. म्हणजे निम्मं काम झालंच होतं. राहिलेलं निम्मं म्हणजे मध्ये कुठंतरी झोपायचं.

दुसऱ्या दिवशी वहीत यादी केली. पाचला उठणे. व्यायाम. कोडिंगचा रोज एक प्रश्न सोडवणे. तीन लिटर पाणी. वीस पानं वाचन. डायरी. आता यादी झाली की माणसानं उठून पाणी तरी प्यावं. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ती पद्धत नाही. आमच्याकडे कुठलीही गोष्ट करण्याआधी तिचं ॲप करतात.

नेमका त्याच आठवड्यात बीईच्या प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता. आमचा ग्रुप चौघांचा. गावाच्या नावानं हाक मारायची रीत असल्यामुळे सांगलीकर, लातूरकर आणि मी कराडकर. चौथ्याला सगळे पीपीटी म्हणतात, कारण प्रोजेक्टमध्ये तो पीपीटीच्या दिवशीच उगवतो. मी सरांना सवयींच्या ॲपची कल्पना सांगितली. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "यात नॉव्हेल्टी काय?"

मी म्हणालो, "सर, आपण लोकांना शिस्त लावणार."

"ते ठीक आहे. यात एमएल टाका."

एमएल म्हणजे मशीन लर्निंग, जुन्या नोंदींवरून कॉम्प्युटरनं अंदाज बांधायला शिकणं. आमच्या डिपार्टमेंटला मात्र एमएल म्हणजे मिसळीवरची तर्री. खाली काय आहे ते नंतर बघू, आधी वरून ओता. ठरलं: माणूस उद्या वेळेवर उठेल की नाही, हे आमचं ॲप आदल्या रात्रीच सांगणार.

मांडणी सोपी होती. सकाळी उठलं की 'उठलो' हे बटण दाबायचं. वेळ नोंदली जाते. त्या तारखेचा चौकोन सहाच्या आत असेल तर हिरवा, नंतर असेल तर लाल. (मुळात पाच ठरलं होतं. पहिल्या चार दिवसांनंतर ग्रुपची बैठक होऊन तासाभराची सूट मंजूर झाली.) वापरणारी माणसं हवीत म्हणून आम्ही चौघांनी ते फोनवर टाकलं, आणि संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आईच्या फोनवरही टाकलं.

आईचा फोन उघडला तर पहिल्याच पानावर लिहून आलं, 'तुम्ही शेवटचे उठलात: १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०'.

आई म्हणाली, "सत्तर साली तुझ्या आजीचं लग्न पण झालं नव्हतं."

यात आईचा दोष नव्हता, माझाही फारसा नव्हता. बहुतेक कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. ती मध्यरात्र ग्रिनिचची. तिकडे बारा वाजले तेव्हा आपल्याकडे साडेपाच झाले होते. नोंद रिकामी असली, म्हणजे शून्य असलं, की भारतातल्या फोनवर ही तारीख आणि हे साडेपाच उगवतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आपल्याकडे काळ उजाडला तोच पहाटे साडेपाचला. त्याआधी काही नाही. मी ते एक ओळ टाकून झाकलं आणि तिळगुळाचा डबा घेऊन पुण्याला आलो. खरं तर तिथंच सावध व्हायला हवं होतं.

पुढचे अकरा आठवडे आम्ही स्वतःला सुधारण्यात घालवले.

सांगलीकरानं जिमची फी भरली होती. तो पावणेसहाला उठायचा, एकवीस दिवस उठला, बाविसाव्या दिवशी त्याला कळलं की फी परत मिळत नाही आणि त्याचं मन शांत झालं. लातूरकर रोज साडेनऊला, पण अगदी नियमित. पीपीटीनं एक दिवस दुपारी दोनला बटण दाबून 'ॲप चालतंय, छान' असा मेसेज ग्रुपवर टाकला.

मी मात्र गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साईटवर, रोज हिरवा चौकोन मिळवायचोच; त्या दिवशी कोडमध्ये काही बदल केला की तिथं तो मिळतो. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. एके दिवशी माहितीच्या फाईलमध्ये एक स्पेलिंग चुकवायचं, दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायचं. पाणी तीन लिटर प्यायचो, कारण पाण्याची आठवण देणारी घंटा मीच लिहिली होती आणि ती बंद कशी करायची ते लिहायचं राहून गेलं होतं. डायरीत एकच नोंद आहे: 'आजपासून डायरी.'

दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला.

"अरे, तुझं ते ॲप बिघडलंय. शनिवारी मी उठलेच नाही म्हणतं. शनिवारी मी पहाटे मारुतीला जाते!"

"बटण दाबलं नसशील."

"दाबलं. आणि रविवारी दोनदा उठले म्हणतं. एकदा उठून परत झोपायला मी काय तू आहे?"

मी तिला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. आमच्या चार वर्षांच्या शिक्षणाचं सार ते आहे. पुढच्या शनिवारी परत फोन. मी म्हणालो, "आई, नेटवर्क असेल." त्यानंतर तिनं फोन केला नाही. मला वाटलं, दुरुस्त झालं.

एप्रिलमध्ये डेटा गोळा करून लातूरकरानं मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारा तो एमएलचा भाग, चालवलं. अचूकता आली सत्त्याहत्तर टक्के. सर म्हणाले, नव्वदच्या वर पाहिजे. आम्ही रात्रभर शोधलं तेव्हा कळलं की सगळा घोळ आईमुळे होतोय. बाकी चौघे कसे समजूतदार, रोज लाल. आणि ही एकटीच हिरवी, त्यात शनिवार गायब, रविवार डबल. लातूरकर म्हणाला, "हा आऊटलायर आहे." आऊटलायर म्हणजे सगळ्यांपेक्षा वेगळं वागणारा, आणि म्हणून संशयास्पद, असा नमुना. पुस्तकात लिहिलंय की आऊटलायर काढण्यापूर्वी तो तसा का आहे हे तपासावं. पुस्तकात बरंच काय काय लिहिलेलं असतं.

आम्ही आईला डेटासेटमधून काढलं. अचूकता ९३ टक्के.

ती कशी आली तेही सांगून टाकतो. चौघांचे सत्त्याहत्तर दिवस, म्हणजे ३०८ नोंदी. त्यात सांगलीकराचे एकवीस सोडले तर सगळ्या लाल. मॉडेलनं ते ओळखलं आणि काहीही विचारलं तरी 'उठणार नाही' एवढंच म्हणायला शिकलं. ३०८ पैकी २८७ वेळा बरोबर. (ज्या डेटावर शिकवलं त्याच्यावरच परीक्षा घेतली, हे आपल्यातच राहू द्या.) माझ्या आजोबांनी मला न बघता हेच सांगितलं असतं. पण आजोबांच्या सांगण्याला ग्राफ नसतो. सर खूश झाले, सही केली, काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट बांधून चार प्रती आल्या.

ओरलच्या आदल्या रात्री मी झोपलोच नाही. चार पन्नासला चहा संपला, पाठांतर संपलं, आणि डोक्यात आलं की आज पहिल्यांदाच आपण खरोखर पाचच्या आधी जागे आहोत. झोपून उठलो नव्हतो हे खरं, पण बटण तसं काही विचारत नाही. दाबलं.

बुधवार होता. बुधवारचा चौकोन रिकामाच राहिला. मंगळवारचा लाल होता, तो हिरवा झाला.

पुन्हा दाबलं. मंगळवारीच. मी कोड उघडला. तारीख काढायची ओळ मी इंटरनेटवरून उचलली होती, आणि ती ओळ तारीख देत होती ग्रिनिचची. ग्रिनिच आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिकडे कालचाच दिवस चालू असतो. म्हणजे साडेपाचच्या आत जो उठेल त्याची नोंद काल होणार. पहाटे उठायला लावणाऱ्या ॲपमध्ये पहाटे उठणाऱ्याचीच तेवढी गोची होती, आणि तीन महिने आम्हा चौघांपैकी कुणाला ती सापडली नाही, कारण साडेपाचच्या आत आमच्यातलं कुणी कधी उठलंच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. ती करण्याऐवजी मी, सवयीप्रमाणे, आपल्या वेळेचा इतिहास वाचत बसलो. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश मिर्झापूरजवळून जातो, पंधरा अंशाला एक तास, म्हणून साडेपाच. ही वेळ १९०६ सालच्या पहिल्या तारखेपासून लागू झाली. मुंबईनं मात्र आपली चार तास एक्कावन्न मिनिटांची वेगळी वेळ पार १९५५ पर्यंत चालवली. एकोणचाळीस मिनिटांसाठी जवळजवळ पन्नास वर्षं हट्ट! सकाळी आणखी दहा मिनिटांसाठी भांडणाऱ्या माझ्यासारख्याला ऊर भरून आला.

मग आई आठवली. बाबा एसटीत कंडक्टर, पहिली गाडी सहाची, डबा साडेपाचला हातात पडावा लागतो. म्हणून आई पावणेपाचला उठते. शनिवारची नोंद शुक्रवारी. रविवारी बाबांची सुट्टी, त्या दिवशी तेवढी ती साडेसहाला उठते, ती नोंद रविवारीच. सोमवारची पहाट परत रविवारी. शनिवार रिकामा, रविवार डबल. तिनं दुसऱ्या आठवड्यातच आख्खा बग दिवसवार सांगितला होता, आणि मी म्हणालो होतो, नेटवर्क असेल.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. मागं पोळपाटाचा आवाज.

"काय झालं? बरा आहेस ना?"

"आई, तुझं बरोबर होतं. ॲप एक दिवस मागं होतं."

"ते मला कधीच कळलं. मी मनातल्या मनात एक दिवस पुढं धरते. तू सगळं एक दिवस उशिरा करतोस, म्हटलं ॲपही तसंच असेल." मग थांबून म्हणाली, "एवढ्या लवकर उठलास?"

"नाही. आता झोपणार आहे."

"मग ते बटण दाबू नकोस."

ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्टची पानं उलटत विचारलं, "इथं पाच युजर लिहिलेत, टेबलमध्ये चार कसे?"

पीपीटी पुढच्या रांगेत उभा राहून आत्मविश्वासानं म्हणाला, "सर, एक आऊटलायर होता."

"का? काय वेगळं होतं त्याच्यात?"

"तो वेळेवर उठायचा, सर."

सरांनी पान उलटलं. मार्क बरे पडले.

त्या आठवड्यात ती एक ओळ बदलली आणि जुन्या नोंदी परत मोजल्या. सगळे शनिवार जागेवर आले. त्या अकरा आठवड्यांत आईचे हिरवे चौकोन सहासष्ट. माझा त्यानंतरचा एक, बुधवारचा. आई नको म्हणाली होती, पण तो मी अजून खोडलेला नाही.