मिरजेच्या पिशवीतले केसपेपर आणि आपल्याकडची इंजिनिअर पोरं

मिरजेत सकाळी दहाला कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत जा. रांगेतल्या माणसांच्या काखेत प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात चार-पाच वर्षांचे केसपेपर, घडी पडलेला एक्स-रे, पार पांढरी पडलेली ईसीजीची पट्टी. ती पिशवी हीच आपल्याकडची आरोग्यनोंद. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उभं केलं. जत, कवठेमहांकाळ, अथणी, रायबागची माणसं आजही "मिरजेला दाखवून येतो" म्हणून निघतात. पिशवी घरी राहिली की तपासण्या नव्याने आणि पैसेही नव्याने.

हे सगळं आता डिजिटल होतंय, व्हायलाच हवं. माझं ठाम मत आहे की ही सिस्टीम सांगली-मिरज-कराडच्या पोरापोरींनी बांधावी आणि रुग्णालयांनी त्याचे नीट पैसे मोजावेत. कारण यातल्या खऱ्या अडचणी रजिस्ट्रेशनच्या काउंटरमागे चार दिवस बसल्याशिवाय दिसतच नाहीत.

सुनीता पाटील हे नाव घ्या. मोठ्या रुग्णालयात या नावाच्या डझनावारी बायका निघतील. कुणी सुनिता लिहितं, कुणी सुनीता. बाळंतपणाला माहेरी आलेली माहेरचं आडनाव सांगते. घरात मोबाइल एकच, तोही मुलाचा, म्हणून सासू, सून आणि दोन नातवंडं एकाच नंबरवर. मोबाइल हीच ओळख धरणारं सॉफ्टवेअर सासूची शुगर सुनेच्या फाइलला लावून मोकळं होतं. म्हणून शोध नावाचा उच्चार, जन्मवर्ष, गाव आणि मोबाइल या चारही गोष्टींवर हवा. जुळणाऱ्या नोंदी सॉफ्टवेअरने फक्त दाखवाव्यात, एकत्र करायचं माणसाने ठरवावं, आणि केलेलं एकत्रीकरण पुन्हा सोडवता आलं पाहिजे. ही शेवटची सोय बहुतेक जण विसरतात आणि चूक कळते तेव्हा दोन माणसांची औषधं एकमेकांत मिसळलेली असतात.

वयाचंही तसंच. "पन्नास-पंचावन्न लिहा" असं सांगणाऱ्या आजीसमोर सॉफ्टवेअर पूर्ण जन्मतारीख मागत बसलं की ऑपरेटर १ जानेवारी टाकतो. थोड्याच दिवसांत एक जानेवारीवाल्यांची एवढी गर्दी होते की पेशंट ओळखायला ती तारीख निरुपयोगी ठरते. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीचं एफएचआयआर हे मानक नुसतं जन्मवर्षही चालवून घेतं. वर्ष ठेवा, शेजारी 'अंदाजे' अशी खूण ठेवा, आणि वयाचा आकडा कधीच साठवू नका. पुढच्या वर्षी तो चुकीचा असतो.

आता 'बोऱ्हाडे' हे आडनाव जवळून बघा. यातला अर्धा र कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी उमटतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण डेटाबेसला ती दोन वेगळी आडनावं. सकाळच्या पाळीत नोंदवलेला पेशंट संध्याकाळच्या पाळीत सापडत नाही, आणि सिस्टर नवा केसपेपर काढतात. युनिकोड या अक्षर-मानकाचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, हे दोन प्रकार एक करत नाही, नियम स्वतः लिहावा लागतो. मराठी वाचणाऱ्या पोरीला ही गोची पाच मिनिटांत समजते. मराठी न येणाऱ्या टीमला ती पत्रातून समजावून बघा. कन्नडमधून येणाऱ्या नावांसाठी रोमन उच्चाराचा वेगळा रकानाही ठेवावाच लागतो.

लॅबचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हाताने आकडा उतरवताना १.२ चं १२ होतं. रक्ताचे नमुने तपासणारी बरीच ॲनालायझर मशिन्स सिरियल केबलमधून निकाल बाहेर देतात. यूएसबी कन्व्हर्टर लावायचा, मशिनच्या मॅन्युअलमध्ये असेल ते सेटिंग करायचं, नळीवर बारकोड चिकटवायचा, की जोडणी झाली. पण झाडलोट करताना यूएसबी निघते, कुणीतरी ती शेजारच्या खाचेत लावतं, विंडोज बऱ्याचदा नवा पोर्ट नंबर देतं आणि निकाल गुपचूप थांबतात. म्हणून स्वतःचा सिरियल नंबर असलेला कन्व्हर्टर घ्यायचा आणि त्या नंबरवरूनच तो ओळखायचा, आणि लॅब चालू असताना वीस मिनिटं काहीच आलं नाही तर पडद्यावर लाल पट्टी दाखवायची. नुसतं 'शुगर' असं साठवू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची यांना लॉइंक या तपासण्यांच्या प्रमाणित यादीत वेगवेगळे कोड आहेत (उपाशीपोटीचा १५५८-६). एकक नेहमी वेगळ्या रकान्यात.

वेळेची चूक त्याहून घातक. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. नोंदीतून नुसती तारीख उचलली, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान जन्मलेल्या प्रत्येक बाळाची जन्मतारीख एक दिवस आधीची छापली जाते. प्रसूती विभाग जोडण्याआधी पहाटे अडीचची खोटी नोंद करून डिस्चार्ज कार्ड छापून बघाच.

२०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर सांगलीत कुणाला सांगायला नको. तरीही जिन्याखालच्या खोलीत, जमिनीवर ठेवलेले सर्व्हर आजही दिसतील. सर्व्हर वरच्या मजल्यावर, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत पूररेषेबाहेर दुसऱ्या शहरात. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशिनवर उघडून बघायची. उघडून न पाहिलेला बॅकअप धरायचाच नाही. नेट गेलं तरी काउंटर चालला पाहिजे, त्यामुळे पेशंटचा आतला क्रमांक क्रमाने वाढणारा नको. नेट तुटलेलं असताना दोन काउंटर वेगवेगळ्या पेशंटना एकच नंबर देतात.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला आभा हा पेशंटचा १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक ऐच्छिक आहे, तो नसला म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. नोंदी दिल्लीत जमा होत नाहीत, रुग्णालयाकडेच राहतात आणि पेशंटच्या संमतीने मागितल्यावर द्याव्या लागतात. म्हणजे रात्री दवाखाना बंद करताना सर्व्हरही बंद केलात, तर पुण्याच्या डॉक्टरांना मिरजेचा रिपोर्ट मिळणार नाही. जोडणीचे तीन टप्पे आहेत: आभा तयार करणं-पडताळणं, नोंदी जोडणं, दुसऱ्याकडच्या नोंदी संमतीने मागवणं. सराव सँडबॉक्समध्ये, म्हणजे मिशनच्या चाचणीसाठीच्या वेगळ्या सिस्टीमवर होतो, पण खरी परवानगी मिळण्याआधी सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करावी लागते. तिचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरा. मानकांसाठी मदत करणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्येच आहे, आणि स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची कोश-प्रणाली भारतात विनाशुल्क वापरता येते.

डॉक्टरांना टाइप करायला लावू नका. सिस्टर बीपी, वजन भरतील, डॉक्टर कागदावर लिहितील, त्या कागदाचा फोटो नोंदीला जोडा. मिशनच्या आराखड्यात अशा स्कॅन केलेल्या कागदांनाही जागा आहे. ओपीडीची रांग लांबवणारं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत धूळ खात पडतं.

आता कॉलेजांबद्दल. वालचंद, आरआयटी, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, सगळीकडे शेवटच्या वर्षाला 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' होते. तोंडी परीक्षा झाली की प्रोजेक्ट संपला. दरवर्षी तेच लॉगिन पान नव्याने लिहिण्यापेक्षा ओपनएमआरएस किंवा बहमनीसारख्या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा खुला कोड घ्या. एका बॅचने लॅब जोडावी, दुसरीने कन्नड पडदे करावेत, तिसरीने आधीच्यांच्या चुका दुरुस्त कराव्यात. दुरुस्तीला मार्क द्या. आज ते कुठेच मिळत नाहीत, आणि धंद्यात निम्मं काम तेच असतं.

रुग्णालयांनीही सॉफ्टवेअर खुर्च्यांसारखं एकदाच विकत घेणं सोडावं. किमतीच्या १५ ते २० टक्के दरवर्षी देखभालीला दिले तर पोरगा हिंजवडीला जाणार नाही, आणि गेलाच तर त्याच्या जागी दुसरी पोरगी उभी करता येईल. करारात एक कलम ठळक हवं: संबंध संपला की तीस दिवसांत सगळा डेटा खुल्या स्वरूपात परत, आणि तो दुसऱ्या सिस्टीममध्ये उघडून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता थांबवलेला.