तळ्यात मोरचूद नको : खुलासा
‘बागेतल्या तळ्याचं पाणी शेवाळामुळे हिरवं झालं की चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका’, असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. मोरचुदातलं तांबं माशांना विषारी असतं. शिवाय त्यामुळे एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसतात ते ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. सगळं पाणी उपसणंही व्यर्थ, शेवाळ पुन्हा येतंच. त्याचं पोषण ऊन, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांवर होतं. म्हणून निम्मा पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी झाका, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घाला, आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन उडायला 24 तास उघडं ठेवा. सावलीसाठी जलपर्णी मात्र नको, ती अख्खं तळं व्यापते.