दहा मिनिटं पुढे

‘डोमेनमुळे लोकल चुकली, तरी लेखी खुलासा करावा.’ काल हा कागद माझ्या हातात पडला. मी त्या कचेरीचा नोकरही नाही. ठेकेदाराचा माणूस. फोर्टातल्या त्यांच्या खोल्यांमधले पीसी एका विंडोज सर्व्हरखाली, म्हणजे एका डोमेनमध्ये आणायचे, एवढंच माझं काम.

बाकीची रडगाणी आवरती घेतो. साहेबांनी स्वस्तात पडतात म्हणून होम एडिशनवाले पीसी घेतले होते. होम डोमेनला जोडताच येत नाही, प्रो लागतं, असं सांगितलं तर मी कमिशन खातोय अशा नजरेनं बघत राहिले. नावावरून मशीनचा पत्ता कुणाला विचारायचा ते डीएनएसमध्ये लिहितात, तिथे कुणीतरी गूगलचा 8.8.8.8 टाकून ठेवलेला. आता कपाटाशेजारचा सर्व्हर गूगलला कसा सापडणार? असो.

खरी गाठ पडली आवक-जावकच्या काकांशी. त्यांच्या पीसीचं घड्याळ बरोब्बर दहा मिनिटं पुढे.

“काका, हे मागे घ्यावं लागेल.”

“हात लावायचा नाही. त्यावर माझी बदलापूर आहे.”

“पण पुढे आहे हे तुम्हाला माहीतच आहे ना?”

“माहीत आहे रे. पण धाक राहतो.”

मी समजावलं की डोमेनमध्ये ओळख पटवायला केर्बेरॉस असतो, ग्रीकांच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं नाव. घड्याळात 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की तो आत घेत नाही.

काकांनी चष्मा काढला. “तीन तोंडं दत्ताला असतात. कुत्र्याला नाही.”

“ग्रीकांच्यात असतात.”

“मग त्यांना सांग सर्व्हरच दहा मिनिटं पुढे घ्यायला. सगळेच वेळेवर पोचतील.”

यावर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मान डोलावली. पासवर्ड आता 42 दिवसांनी बदलायचा, हे त्यांना मी नुकतंच सांगितलं होतं, तेव्हा त्या काय वाटेल त्या बाजूला गेल्या असत्या.

पीसी जोडला, रीस्टार्ट झाला, घड्याळ सर्व्हरच्या वेळेवर आलं. दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे स्क्रीनकडे बघून उठले आणि गाडी गेली. मनगटावर घड्याळ आहे, खिशात मोबाईल आहे, स्टेशनात हातभर आकडे लागलेले आहेत. पण गुन्हेगार मी! मुंबईच्या लोकल जन्मात वेळेवर आल्या नाहीत, रेल्वेकडे कुणी खुलासा मागितलाय? पीसी सुरळीत चालतात तोवर ‘ए कॉम्प्युटरवाला’ला कुणी चहासुद्धा विचारत नाही. बिल तर खुलासा येईपर्यंत अडकवूनच ठेवलंय.

आज गेलो. वेळ बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, पण टाइम झोन साध्या युजरलाही बदलता येतो, आणि केर्बेरॉस जागतिक वेळ बघतो, त्याला झोनशी देणंघेणं नाही. काकांचा पीसी सरळ काठमांडूत नेऊन ठेवला. नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. डोमेनही खूश, धाकही शाबूत. मनात म्हटलं, आता तरी हा माणूस साहेबांना जाऊन दोन शब्द बरे बोलेल.

काकांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर हिशेब केला.

“पंधरा फार होतात रे. दहावाला देश नाही का एखादा?”