मामानू, झाकणाक हात लावू नकात

गेल्या रविवारी देवगडला मामांच्या खळ्यात पोचलो तेव्हा पिकअपचं बॉनेट उघडं होतं, इंजिन घुरघुरत होतं आणि मामा हाताला ओला पंचा गुंडाळून रेडिएटरच्या झाकणावर वाकले होते. मी बाइकवरूनच ओरडलो. मामा वैतागले. ‘अरे, गरम आसतानाच उघडूक व्होया. तसा लिवलेला आसा.’

लिहिलेलं कुठे, तर व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा, घरच्या घरी रेडिएटर साफ करण्याचा पाच कलमी मेसेज. मामांची गाडी घाटात तापायची, म्हणून त्यांनी तो मनावर घेतला. त्याच आठवड्यात तो मलाही तीन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता उडवला होता. कलमं थोडक्यात अशी: कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव) म्हणजे रंगीत पाणी, ते बर्फाळ मुलखासाठी, कोकणात विहिरीचं पाणी पुरे. गाडी तापलेली असतानाच झाकण उघडा. रात्रभर दोन लिटर कोला भरून ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून फेकून द्या. आणि निघालेलं पाणी माडाच्या मुळात ओता, कीड मरते.

आधी झाकणाचं बोलू, कारण बाकीच्या कलमांनी गाडी मरेल, याने माणूस भाजेल. मेसेज म्हणतो, गरम असताना गाळ पातळ होतो आणि झटक्यात बाहेर पडतो. झटक्यात बाहेर पडतं यात खोटं काही नाही. पडतं ते उकळतं पाणी, तेही तोंडावर.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, साधारण तेवढ्या बारचा (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेइतका) जादा दाब आत धरून ठेवणं हे त्याचं काम. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे १०५ अंशांचं पाणी आत गपगुमान फिरत असतं. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि तेच पाणी १०० अंशांना उकळायला मोकळं. पाच लिटर पाणी धरा. त्यातलं जेमतेम एक टक्का, म्हणजे ५० मिलिलिटर, त्या क्षणी वाफ होतं. अर्धा कप चहाएवढं. पण त्याची वाफ होते ८० लिटर, म्हणजे लग्नात ठेवतात ते पाण्याचे वीस लिटरवाले चार जार. एवढी वाफ त्या बोटभर तोंडातून उरलेलं पाणी पुढे ढकलत येते. ओला पंचा तिथे काय करणार? ओल्या कापडातून चटका उलट लवकर बसतो. मामी गरम टोप ओल्या फडक्याने उचलते का, ते विचारा.

गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, अगरबत्तीच्या पुड्याखाली, एकदाही न उघडलेलं. मी तिथेच उघडून मोठ्याने वाचलं: इंजिन आणि रेडिएटर गरम असताना झाकण काढू नये, वाफेने गंभीर भाजू शकतं. हे गाडी बनवणाऱ्यांनी छापलंय. मेसेज कोणी लिहिला त्याचा पत्ता नाही. मामांनी पंचा सोडला.

आता पाणी. कोकणात बर्फ पडत नाही, मान्य. कूलंट आणि पाण्याचं अर्ध्यास अर्धं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही याचं देवगडात कोणाला कौतुक! पण कूलंटच्या डब्यात गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनंही असतात, आणि आपल्याला गरज आहे ती त्यांची. मामांची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही म्हणून मामी वरच्या वाडीतून हंडा आणते. डाळीला न चालणारं पाणी इंजिनाला चालेल हे कुठलं शास्त्र? पाण्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं आणि धातूला बारीक भोकं पडत जातात. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या गजांचं काय केलंय ते बघा, आणि तेच मीठ गरम पाण्यात विरघळवून इंजिनाच्या पोटात फिरतंय अशी कल्पना करा.

कोलाचं काय? त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, गंज थोडा सुटतोही. मग साखर कोण धुणार?

रंगाबद्दल मेसेज चुकून बरोबर आहे. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंगच, त्यावरून जात ओळखता येत नाही. म्हणूनच रंग बघून दोन कूलंट मिसळू नयेत, डब्यावरचं मानक बघावं, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६, आणि मॅन्युअलशी ताडून घ्यावं.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. आपल्याकडची ३५ अंशांची हवा त्याच्या खिजगणतीतही नाही. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी आणखी तापते.

माडाच्या सल्ल्याने मात्र माझं डोकं फिरलं. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं-मांजर चाटतं. पोटात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, कॅल्शियमशी मिळून स्फटिक होतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. निव्वळ कूलंटचा एक चहाचा चमचा मांजराला पुरे. मामींची मांजरं दुपारी झोपतात कुठे? त्याच आळ्यात, सावलीला.

आणि हो, गॅरेजशिवाय हे काम होतं, एवढं मेसेजचं खरं. मी स्वतः घरीच करतो. गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची. सकाळी तोंड किंचित चढाला करून लावायची, म्हणजे हवा वर येते. खालून टबात पाणी काढायचं, साधं स्वच्छ पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा वरचा रबरी होज तापेपर्यंत इंजिन चालवायचं, पुन्हा थंड करून काढायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच, शेवटची खेप डिस्टिल्ड पाण्याची. लोक चुकतात ते भरताना: ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच. एकूण मावतं ५ लिटर आणि निघालं ३, तर आधी अडीच लिटर निव्वळ कूलंट घाला, वर डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रण ओतलंत तर ते पातळ होतं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी थंड गाडीत पातळी बघा.

हे सगळं आम्ही सोमवारी केलं. टबातलं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून पडवीच्या वरच्या फळीवर ठेवलं. गाळ निघाला म्हणाल तर मूठभरही नाही. मग आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाट चढताना तापमानाचा काटा वर का जात होता? रेडिएटरचं झाकण हातात घेतलं तेव्हा कळलं. आतलं रबर एका बाजूने चिरलेलं, दाब पुरता धरतच नव्हतं. पाणी लवकर उकळायचं आणि रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतून वाहून जायचं. नवं झाकण दीडशे रुपयांना मिळालं.