ड्राफ्ट आणि खोली : एका प्रतिक्रियेला उत्तर

जहाजाच्या मापांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "टायटॅनिकची लांबी नीट दिलेली नाही. ब्लॉक कोइफिशंट डोक्यावरून गेला. मराठी शब्दांची लाज वाटते का? ड्राफ्टला सरळ खोली म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? लेखकाने जहाज फक्त धक्क्यावरून पाहिलेलं दिसतं."

पहिला मुद्दा मान्य. टायटॅनिकची लांबी 269 मीटर लिहिली, पण ती टोकापासून टोकापर्यंतची, हे लिहायचं राहिलं. लंबांतर लांबी, म्हणजे भरल्या जहाजाच्या पाणरेषेवरच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) सुकाणूच्या खांबापर्यंतची, 850 फूट, म्हणजे सुमारे 259 मीटर. मधले दहा मीटर बहुतेक सुकाणूच्या मागे पाण्यावर झुकलेल्या पिछाडीचे. चूक दाखवलीत, आभार.

पण चूक दाखवायची एक रीत असते. शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? त्याने आपल्या कुठल्याही मुद्द्याला बळ येत नाही. बावीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला, त्याची काही माहिती नसताना, असं सुनवायचं आणि वर विचारायचं की काय बिघडलं असतं! आता विचारलंतच, तर सांगतो.

जहाजाला खोली असतेच, पण ती वेगळी. कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या लांब तुळईच्या, माथ्यापासून कडेला डेकच्या खालच्या पत्र्यापर्यंतचं अंतर म्हणजे खोली, डेप्थ. जहाज बांधून झालं की ती बदलत नाही. ड्राफ्ट म्हणजे जहाज त्या घडीला किती पाण्यात बसलंय ते, आणि ते रोज बदलतं. माल चढला की वाढतो, इंधन जळलं की कमी होतो. मालाला हात न लावताही बदलतो : समुद्रात दहा मीटर बुडालेलं जहाज हुगळीच्या गोड्या पाण्यात शिरलं की वीस-बावीस सेंटिमीटर आणखी खाली बसतं, कारण गोडं पाणी हलकं. खोलीतून ड्राफ्ट वजा जाता, डेकच्या पत्र्याची जाडी सोडली तर, उरतो तो फ्रीबोर्ड, पाण्याच्या वर राहिलेली कोरडी बाजू. ती किती उरली पाहिजे यासाठी सॅम्युअल प्लिम्सॉल ब्रिटिश संसदेत भांडला आणि 1876 मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषेची खूण सक्तीची झाली. दोन्ही मापांना 'खोली' म्हटलं, तर ही वजाबाकी तुम्ही कशी मांडणार? खोलीतून खोली?

धक्क्यावरून पाहिल्याचं म्हणता ना? कॅडेट म्हणून सहावा महिना होता. कोळशाचं जहाज, रात्रीची वेळ, मी दोराच्या शिडीवर लटकून टॉर्चने ड्राफ्टचे आकडे वाचत होतो. प्रत्येक आकडा दहा सेंटिमीटर उंच, आणि वाचायची असते त्याची खालची कड. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, अशा सहाही ठिकाणी मी वरची कड धरली. मध्यावर 'सहा'चा आकडा नेमका डोक्यापर्यंत बुडाला होता, मी 8.60 मीटर ओरडलो. चीफ ऑफिसर स्वतः खाली उतरले, लाट ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "8.70." त्या जहाजाला एक सेंटिमीटर बुडायला पन्नास टन माल लागायचा. दहा सेंटिमीटर म्हणजे पाचशे टन कोळसा, माझ्या एका वाचनाने कागदावरून नाहीसा झाला असता. माप कुठून कुठपर्यंत, हे न विचारता मी तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिलेला नाही. (टायटॅनिकचा सोडून. ते वर कबूल केलंय.)

आणि मराठीची लाज? आमचे आजोबा कोकणात होड्या बांधायचे. गिऱ्हाईक आलं की "किती पाण्यात बसायला हवी?" असं विचारायचे. "किती खोल हवी?" हा त्यांचा दुसरा प्रश्न असायचा, आणि त्याचं उत्तर वेगळं यायचं. तुम्ही ज्या मराठीची बाजू घेताय, तिच्यात हा फरक आधीपासून आहे, तो तुम्ही पुसायला निघालात. नाळ, सुकाणू, डोलकाठी हे शब्द लेखात आहेतच. लेख पुरता वाचला असता तर दिसले असते.

ब्लॉक कोइफिशंटबद्दल फार बोलत नाही. जहाजाचा पाण्याखालचा भाग तेवढ्याच लांबी-रुंदी-ड्राफ्टच्या चौकोनी खोक्याचा किती हिस्सा भरतो, एवढाच तो आकडा. तेलाच्या जहाजाचा जास्त, वेगवान जहाजाचा कमी. तो परिच्छेद बाकीच्या वाचकांना कळला, तसं त्यांनी लिहिलंही आहे.

टायटॅनिकच्या वाक्यात आज सकाळी 'टोकापासून टोकापर्यंत' हे शब्द घातले. ड्राफ्ट हा शब्द आहे तसाच ठेवला आहे.